शिंगं साहेबांची, पिपा आबांचा

माझ्या साडूंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी शिकारी व्हायचं ठरवलं, तेव्हा पहिला बळी मी गेलो.

साडू अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात असतात. मूळचे अकोल्याचे. माणूस अत्यंत सज्जन. त्यांच्या लग्नात ऐन मुहूर्ताला मांडवात उंदीर निघाला, तेव्हा नवरदेव बोहल्यावर चढण्याऐवजी खुर्चीवर चढले होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आता अशा माणसाने, गुडघ्याला पट्टा आणि रात्रीच्या जेवणानंतर कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना, पुढच्या ऑक्टोबरात डोंगरात जाऊन एल्क मारायचा बेत केला. मेव्हणी व्हिडिओ कॉलवर रडवेल्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तरी समजवा हो यांना!" मी समजवायला तोंड उघडलं, तर साडूच म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही रोहिणखेडचे. डोंगराच्या पायथ्याची माणसं. शिकारीवरची चार चांगली पुस्तकं वाचून मला सांगा, त्यातलं घ्यावं काय आणि सोडावं काय."

आता मी बँकेत लिपिक. शिक्षण बी.कॉम. माझा आणि अरण्याचा संबंध शाखेसमोरच्या बाभळीपुरता. पण मत विचारलं आणि दिलं नाही, असा मराठी माणूस अजून जन्मायचा आहे. शिवाय विचारणारा साडू! मी होकार दिला, आणि अशा रीतीने मराठी साहित्याला एक समीक्षक मिळाला.

आधी एल्क म्हणजे काय ते सांगतो. आपल्या सांबराचा हा अमेरिकेतला थोरला चुलतभाऊ. (आमच्या हिला 'सांबर' म्हटल्याबरोबर इडली आठवली, ती गोष्ट वेगळी.) नराचं वजन तीनशे किलोच्याही वर जातं आणि डोक्यावर शिंगांचं अख्खं झाड. सगळ्या अमेरिकेत सर्वांत जास्त एल्क याच कोलोरॅडोत आहेत. गंमत म्हणजे युरोपात 'एल्क' म्हटलं तर दुसराच प्राणी समोर येतो, ज्याला अमेरिकेत मूस म्हणतात. आणि दक्षिण हिंदुस्थानात व सिलोनात राहणारे इंग्रज शिकारी चक्क आपल्या सांबरालाच एल्क म्हणत. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाने त्याबद्दल त्यांचे कानही उपटले आहेत. एका नावावर तीन खातेदार! केवायसी नसली की हे असं होतं.

साडूंची योजना मात्र पक्की. तिथे उठलं आणि बंदूक खांद्याला लावली, असं चालत नाही. १९४९ साली किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आधी शिकारीतल्या सुरक्षिततेचा दाखला घ्यावा लागतो. परवान्यासाठी अर्ज, अर्जांची सोडत. अंगावर भडक नारिंगी बंडी हवी, म्हणजे दुसरा शिकारी आपल्यालाच एल्क समजणार नाही. जागा आठ-दहा हजार फूट उंचीवर, म्हणून साडू रोज पाठीवर दहा किलो कणकेची पिशवी बांधून घरातला जिना चढतात-उतरतात. मेव्हणीच्या म्हणण्याप्रमाणे घरात इतकी कणीक आजवर कधी हलली नव्हती. खर्च? आपल्या रुपयांत सांगायचा तर पाच-सहा लाख. यात गाइड आला.

"गाइड काय काय करतो?" मी विचारलं.

साडूंनी यादी वाचली. तो कळप कुठे आहे ते हेरतो. माग काढतो. वारा बघून कुठून जायचं ते ठरवतो. शिट्टीने एल्कचा आवाज काढून नराला जवळ बोलावतो. कधी बसायचं, कधी श्वास रोखायचा, कधी गोळी घालायची ते कानात सांगतो. मग जनावर सोलतो, मांस कापून खेचरांवर लादतो आणि खाली आणतो.

"मग तुम्ही काय करणार?"

"मी चाप ओढणार!"

वाचकहो, यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या बँकेत याला ऑथोराइज करणं म्हणतात. खालचा माणूस दिवसभर एंट्र्या घालतो, साहेब शेवटी एक कळ दाबतात, आणि महिनाअखेरीला शाखेचा गौरव होतो तेव्हा हार साहेबांच्याच गळ्यात पडतो.

तर मी शिकारीची पुस्तकं वाचायला घेतली. काही वाचनालयातून आणली, काही जुनी इंग्रजी इंटरनेटवर फुकट मिळाली. फुकट म्हटल्यावर कॉमर्सचा पदवीधर कोणत्याही विषयात शिरतो. दोन महिने वाचली. आधी खरं ते कबूल करतो : पुस्तकं झकास आहेत. रात्री एक-एक वाजेपर्यंत मी वाचत बसलो आणि मग पाणी प्यायला अंधारात स्वयंपाकघरात जायची हिंमत होईना म्हणून तहानलेलाच झोपलो. भीती वाटायला लावणं हे लेखकाचं काम असेल, तर या मंडळींनी ते चोख केलेलं आहे.

पण पाच-सहा पुस्तकं झाल्यावर माझ्यातला लिपिक जागा झाला. साधारण शिकारकथेचा आराखडा असा असतो : साहेब पहाटे उठतात. चहा घेतात. 'तेवढ्यात' खबर येते. (कोण आणतो? एक माणूस.) माग काढला जातो. (कोण काढतो? कर्मणि प्रयोग.) मचाण बांधून तयार असतं. (ते झाडाला आपोआप लागलेलं असावं.) हाका सुरू होतो. जनावर बाहेर येतं. आणि इथून पुढे मात्र सगळं कर्तरी! 'मी' नेम धरला, 'मी' गोळी झाडली, 'मी' शिंगं मोजली. बंदुकीचा कारखाना, नळीचं माप, गोळीचं वजन, शिंगांची लांबी इंचाच्या अंशापर्यंत. एवढा चोख हिशेब मी आमच्या ऑडिटरचाही पाहिलेला नाही. फक्त एक रकाना कोरा : हे जनावर साहेबांच्या समोर आणून उभं कोणी केलं? जमेची बाजू छापील अक्षरात, नावेची बाजू गायब. असा ताळेबंद आमच्याकडे कोणी मांडला तर संध्याकाळी त्याला घरी जाऊ देत नाहीत.

नमुना म्हणून सॅम्युएल बेकर या इंग्रजाचं सिलोनमधल्या शिकारीवरचं पुस्तक घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचं. यात एल्कच्या शिकारी पानोपानी आहेत, म्हणजे अर्थात आपल्या सांबराच्या. साहेब शिकारी कुत्र्यांचा ताफा घेऊन निघतात. या कुत्र्यांना नावं आहेत : स्मट, किलबक, ब्रॅन. कोणाचा स्वभाव कसा, कोण धाडसी, हे सगळं साहेब जिव्हाळ्याने लिहितात. कुत्रं गेलं तर हळहळतात. मला ते आवडलं. कुत्र्यावर माया करणारा माणूस मुळात वाईट नसावा. पण त्याच डोंगरात सामान वाहणारी, रान तुडवणारी जी माणसं आहेत, त्यांतल्या मोजक्यांना नाव मिळालं. बाकी सगळे मिळून 'कुली'. माणसाने पुस्तकात शिरायचं तर चार पायांवर शिरावं, असा माझा निष्कर्ष झाला.

आता तुम्ही म्हणाल, या बँकवाल्याला एवढं काय लागून राहिलंय? गोष्टीत पन्नास हाकेकऱ्यांची नावं घातली तर ती गोष्ट राहील का, हजेरीपट होईल. मुद्दा बरोबर आहे. पण मला लागून राहिलंय त्याचं कारण घरातलं आहे.

आमचं गाव रोहिणखेड, बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, मोताळा तालुक्यात. गाव आज लहान असलं तरी इतिहासात त्याला जागा आहे. इथे १४३७ साली एक आणि १५९० साली एक, अशा दोन मोठ्या लढाया झाल्या. कोण सरदार जिंकला, कोण हरला, ते लिहून ठेवलेलं आहे. त्यांचे तंबू कोणी ठोकले, ते नाही. माझे आजोबा, म्हणजे आबा, हे या दुसऱ्या वर्गातले. शेतमजुरी करायचे, आणि साहेब लोकांची शिकार निघाली की हाक्याला जायचे. आधी गोरे साहेब, मग आपले. आबांच्या गळ्यात रॉकेलचा रिकामा पिपा अडकवलेला असे. काठीने तो बडवत, ओरडत, काटेरी झुडपांतून साहेबांच्या मचाणाकडे चालत जायचं. हातात बंदूक नाही, पायात धड वहाण नाही. समोर काय निघेल ते देव जाणे. मजुरी आठ आणे. यावरून गावात त्यांचं नाव पडलं 'पिपेवाले'.

एकदा हाक्यात सांबराबरोबर डुक्करही उठलं आणि त्याने आबांची मांडी उभी फाडली. त्याच दिवशी साहेबांना मोठं सांबर मिळालं. आबा जन्मभर लंगडले. मी लहानपणी ती जखम बोटाने चाचपून बघायचो. आबा तक्रार अशी कधी करत नसत. फक्त एक गोष्ट हसत-हसत सांगायचे : "साहेबानं खिशातून टेप काढली बाप्पा. मले वाटलं, माह्या पायाले लावते. त्यानं शिंगाले लावली!"

आणि सगळे हसायचे. मीसुद्धा.

तेव्हा दोन महिने मी पुस्तकांत खरं म्हणजे काय शोधत होतो, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. कुठेतरी एखादी ओळ. घाटाखाली हाक्यात एका माणसाची मांडी फाटली, एवढीच. मिळाली नाही. हाकेकरी जखमी झाल्याचे उल्लेख आहेत, पण ते 'दुर्दैवाने पाऊस आला' या चालीवर.

एकतर्फी निकाल देऊ नये म्हणून जमेची दोन नावं सांगतो. जिम कॉर्बेट नरभक्षकांमुळे प्रसिद्ध झाला. पण 'माय इंडिया' हे १९५२ सालचं पुस्तक त्याने भारतातल्या गरिबांना अर्पण केलं आणि त्यात कुंवरसिंगवर अख्खं प्रकरण लिहिलं. हा कुंवरसिंग चोरटी शिकार करण्यात पटाईत, आणि पोरसवदा कॉर्बेटचा जंगलातला गुरू. दुसरे आपले मारुती चितमपल्ली, जे २०२५ साली गेले. ते शिकारी नव्हते, वनाधिकारी होते. पण नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्या माणसांकडून जंगल शिकलो, हे त्यांनी नावानिशी लिहिलं. या दोघांच्या पुस्तकांचा हजेरीपट झाला का? उलट तीच पुस्तकं माणूस दुसऱ्यांदा वाचतो. म्हणजे नाव घातल्याने गोष्ट बिघडते, हा बचाव टिकत नाही.

आणखी एक गंमत या वाचनात कळली. स्वातंत्र्यानंतर नागपुरात ॲल्विन कूपर नावाची कंपनी होती. विद्याचरण शुक्ल, जे पुढे केंद्रात मंत्री झाले, त्यांनी ती काढली होती. परदेशी पाहुण्यांना मध्य भारतातल्या जंगलात शिकारीला न्यायचं, हा तिचा धंदा. म्हणजे तेव्हा अमेरिकेतला माणूस पैसे मोजून, गाइड घेऊन, आमच्या बाजूला शिकारीला यायचा. आता अकोल्याचा माणूस पैसे मोजून, गाइड घेऊन, अमेरिकेत शिकारीला निघालाय. सत्तर वर्षांनी खातं जुळलं म्हणायचं! आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि असल्या शिकारीचा कारभार आटोपला. झालं ते उत्तम झालं. आबांचा पिपा मग आमच्याकडे ज्वारीचं पीठ ठेवायला होता.

हे सगळं मी साडूंना तावातावाने सांगायला बसलो होतो. पाठीमागे ही भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आणि मेळघाटातल्या त्या गाइडचं नाव काय हो?"

माझी वाचा बसली. दोन वर्षांपूर्वी आम्ही मेळघाट बघायला गेलो होतो. एका कोरकू तरुणाने तीन तास जंगल दाखवलं. मला झाड आणि जनावर यांतला फरक कळत नव्हता, तेव्हा त्याने माझी मान धरून योग्य दिशेला वळवली आणि चाळीस हातांवर उभं असलेलं सांबर दाखवलं. घरी आल्यावर मी शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं : 'आज मी सांबर शोधलं!' पिपेवाल्यांच्या सख्ख्या नातवाने. सत्तावीस लोकांनी अंगठे दाखवले. ज्याच्यामुळे ते दिसलं, त्याचं नाव मी विचारलंसुद्धा नव्हतं.

तेव्हापासून माझ्या समीक्षेचा आवाज जरा खाली आलाय.

साडूंना मी एवढंच म्हटलं, "साडूभाऊ, त्या कंपनीचा फॉर्म एकदा वाचून दाखवा." त्यांनी वाचला. नाव, वय, वजन, बुटाचं माप, गुडघ्याची तक्रार, बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं. सगळे रकाने शिकाऱ्याचे. मी म्हटलं, "खाली आपल्या हाताने एक ओळ घाला : माझ्या गाइडचं नाव काय?"

"ते कशाला?"

"फोटोखाली लिहायला. एल्क मिळालं तरी लिहा, नाही मिळालं तरी लिहा. पुस्तकं वाचून घेण्यासारखं मला एवढंच सापडलं."

चार दिवसांनी साडूंचा निरोप आला. कंपनीने नाव कळवलं होतं. शिवाय तो गाइड एकसष्ट वर्षांचा असून त्याचेही गुडघे दुखतात, हे वाचून साडूंना फार धीर आला होता. नाव मी डायरीत नोंदवून ठेवलंय. इथे छापत नाही, कारण खातेदाराच्या परवानगीशिवाय त्याची माहिती बाहेर द्यायची नाही, ही आम्हाला सवय आहे.

आबांच्या बाबतीत मात्र वारस मीच, आणि माझी सही चालते. पिपेवाल्यांचं नाव किसन होतं.