न झालेल्या लढतीचा निकाल

दिवाळीच्या फराळाला तीन पिढ्या एकत्र बसल्या, की एक वाद हटकून निघतो : जुनी माणसे थोर की नवी? आजोबा आठवणींवर विसंबतात, नातू आकड्यांवर, आणि चकल्या संपल्या तरी निकाल लागत नाही. मुष्टियुद्धाच्या बाबतीत मात्र एकदा हा वाद चक्क यंत्राकडे सोपवण्यात आला होता.

ती हकिकत १९६९ सालची. रॉकी मार्सियानो आणि महंमद अली यांची लढत संगणकाकडून ठरवून अमेरिकेत तिचा चित्रपट काढण्यात आला. मार्सियानो ४९ लढतींत एकदाही न हरता १९५६ साली निवृत्त झालेला. आता वय ४५, डोक्यावर केसांचा टोप. अली ऐन सत्ताविशीतला. दोघांनी कॅमेऱ्यापुढे एकेका मिनिटाच्या सुमारे ७० लुटुपुटीच्या फेऱ्या केल्या, शेवटही निरनिराळे चित्रित केले. १९७० च्या जानेवारीत अमेरिकन प्रेक्षकांनी पाहिले, की तेराव्या फेरीत अली पडला. युरोपात मात्र अली जिंकल्याचा शेवट दाखवला गेला! मार्सियानो तोवर विमान अपघातात वारला होता.

करमणूक म्हणून हे सारे ठीक. पण अलीला या खेळाला सवड कशी मिळाली, हे विचारायला हवे. व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्याने १९६७ साली नकार दिला, म्हणून त्याचे जगज्जेतेपद आणि परवाना दोन्ही काढून घेण्यात आले होते. ज्याला खऱ्या रिंगणात उभे राहू दिले नाही, त्याला खोट्या रिंगणात पाडण्यात आले. हे यंत्र अलाबामात बनले असावे, असा टोला अलीने मारला. अलाबामा म्हणजे वर्णभेदासाठी कुप्रसिद्ध असलेले दक्षिणेतले राज्य. त्या एका वाक्यात मला अख्ख्या चित्रपटाचे परीक्षण दिसते.

आता नातवांचे आकडे पाहू. आजचे योद्धे धिप्पाड, हे खरेच. टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंच उंच. पण २०२४ साली रियाधला त्याला हरवणारा युक्रेनचा ओलेक्सांडर उसिक सहा इंचांनी बुटका आणि सुमारे ४० पौंडांनी हलका होता. १९१९ साली जॅक डेम्प्सीनेही आपल्याहून सुमारे ६० पौंडांनी जड असलेल्या जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा लोळवले. म्हणजे वजनकाट्याने निकाल लागत नाही. शिवाय डेम्प्सी पडलेल्या विलार्डच्या उशाशी उभा राहून, तो उठताच पुन्हा ठोसा हाणी. आजचा पंच त्याला आधी दूरच्या कोपऱ्यात पाठवील.

म्हणून ‘कोण जिंकला असता’ हा प्रश्न मी सोडून देतो. मी विचारतो : समोर कोण उभा राहिला, आणि कोणाला दाराबाहेर ठेवले? जॅक जॉन्सन १९१५ साली हरला, तेव्हापासून १९३७ साली जो लुईला संधी मिळेपर्यंत, बावीस वर्षे, एकाही कृष्णवर्णीय योद्ध्याला हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी लढू दिले नाही. हॅरी विल्स डेम्प्सीशी लढण्यासाठी वर्षानुवर्षे दार ठोठावत राहिला. ती लढत झालीच नाही. उलट २०१८ साली उसिक मॉस्कोत जाऊन, रशियन मुरात गासिएव्हला त्याच्याच प्रेक्षकांसमोर हरवून, आपल्या त्या वेळच्या वजनगटातले सारे किताब घेऊन आला.

डेम्प्सीचा ठोसा कदाचित उसिकला आडवा करील. मला त्याची पैज लावायची नाही. पण मान द्यायचा झाला तर मी उसिकला अधिक देईन. मी पडलो शाळामास्तर. ज्या परीक्षेला एका हुशार मुलाला वर्गातच येऊ दिले नाही, त्या परीक्षेतल्या पहिल्या नंबराचे कौतुक मला जरा हात राखूनच करावे लागते.