माणदेशाचे ग्रंथ आणि पाण्याचा इतिहास : एक चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

मराठी भाषिक प्रदेशात थरसारखे वाळवंट नाही. तथापि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा, माण नदीच्या खोऱ्यातील कोरडा टापू मराठी वाचकाच्या मनात मरुभूमीची जागा घेऊन बसलेला आहे. सातारा जिल्ह्यातील माण, सांगली जिल्ह्यातील आटपाडी, सोलापूर जिल्ह्यातील सांगोला आणि लगतची काही गावे मिळून हा माणदेश होतो. येथे वर्षभरात साधारणपणे ५०० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो व तोही बेभरवशाचा असतो. भंडारा जिल्ह्यासारख्या १२०० मिलिमीटरहून अधिक पावसाच्या आणि तलावांच्या मुलखात राहणाऱ्या वाचकाला हा प्रदेश परिचित झाला तो प्रवासाने नव्हे, पुस्तकांनी. त्यामुळे या पुस्तकांनी माणदेशाविषयी काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

प्रस्तुत लेखात व्यंकटेश माडगूळकर, शंकरराव खरात, गुंथर सोन्थायमर आणि रा. चिं. ढेरे यांच्या निवडक ग्रंथांचा एकत्रित विचार केला आहे. प्रादेशिक कादंबरी, दलित आत्मकथन आणि दैवतविज्ञान अशा तीन वेगवेगळ्या कप्प्यांत हे ग्रंथ ठेवले जातात व स्वतंत्रपणे शिकवले जातात. या विभागणीमुळे ‘दुष्काळ’ ही केवळ निसर्गाची अवकृपा आहे असा समज दृढ होतो आणि पाण्याच्या वाटपाचा, अधिकाराचा व ज्ञानाचा इतिहास नजरेआड होतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

माडगूळकरांचा माणदेश : माणसे ठळक, पाणी पार्श्वभूमीला

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांचे ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये, तर ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली, शिदा चांभार यांसारख्या व्यक्तिरेखांनी मराठी व्यक्तिचित्राचे स्वरूप पालटून टाकले. तोपर्यंत ग्रामीण माणूस हा बहुधा विनोदाचा किंवा करुणेचा विषय होता. माडगूळकरांनी त्याला त्याच्या स्वतःच्या बोलण्यात, त्याच्या चुकांसह आणि स्वाभिमानासह उभे केले. मोजक्या तपशिलांतून माणूस उभा करणारी त्यांची शैली आणि त्यांचा कोरडा प्रदेश यांचे नाते समीक्षकांनी वारंवार अधोरेखित केले आहे व ते योग्यच आहे.

‘बनगरवाडी’त औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर तरुण शिक्षक रुजू होतो. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू, शेकू अशा माणसांमधून वाडी त्याला आणि वाचकाला कळत जाते. शाळा भरू लागते, तालीम उभी राहते, खुद्द राजेसाहेब वाडीवर येतात. त्यानंतर पाऊस हुलकावणी देतो आणि वाडी उठते. दुसरा बैल नसल्यामुळे शेकूची बायको स्वतः औताला जुंपून घेते, हा प्रसंग मराठी कादंबरीतील दारिद्र्यचित्रणाचा उच्चांक मानावा लागेल, कारण लेखक त्यावर एका शब्दाचेही भाष्य करीत नाही.

परंतु याच संयमाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. माडगूळकरांच्या माणदेशात पाऊस येतो किंवा येत नाही. पाणी कोणाच्या मालकीचे आहे, विहिरीवर कोण चढू शकतो, नदीचे पाणी अडवण्याचे प्रयत्न कोणी केले, हे प्रश्न कथनाच्या परिघाबाहेर राहतात. वस्तुतः या प्रदेशाला पाण्याच्या कामांचा मोठा इतिहास आहे. शिखर शिंगणापूर येथे यात्रेकरूंच्या सोयीसाठी मालोजीराजे भोसले यांनी तलाव बांधला. ब्रिटिश अमदानीत दुष्काळी कामांतून राजेवाडीचा, म्हणजेच म्हसवडचा विस्तीर्ण तलाव उभा राहिला. ज्या औंध संस्थानात ही कादंबरी घडते, त्या संस्थानाने १९३९ मध्ये ग्रामराज्याचा प्रयोग आरंभिला आणि त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन केली. ‘दो आंखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची कथा लिहिताना ग. दि. माडगूळकरांपुढे हीच वसाहत होती. कोरड्या जमिनीवर माणूस काय करू शकतो याविषयीचा एवढा मोठा प्रयोग शेजारी चालू असताना ‘बनगरवाडी’त संस्थान येते ते मुख्यतः राजेसाहेबांच्या भेटीच्या रूपाने.

ललित लेखकाकडून इतिहासाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः मान्य केला पाहिजे. कादंबरीतील शिक्षकाला जेवढे दिसले तेवढेच ती सांगते आणि ही मर्यादा कलादृष्ट्या तिचे बळ आहे. दोष कादंबरीत नाही. एका कादंबरीलाच प्रदेशाचा संपूर्ण दस्तऐवज मानणाऱ्या वाचनात तो आहे.

खरातांची विहीर

शंकरराव खरात (१९२१–२००१) हेही आटपाडीचेच. माडगूळ हे गावही आज आटपाडी तालुक्यातच मोडते. १९८३ च्या अंबाजोगाई येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माडगूळकर होते, तर त्यानंतरच्या १९८४ च्या जळगाव संमेलनाचे अध्यक्ष खरात होते. एका अवर्षणग्रस्त तालुक्याने लागोपाठ दोन संमेलनाध्यक्ष द्यावेत, ही घटना दुर्मीळ आहे. तरीही या दोघांच्या लेखनाचा एकत्र विचार फारसा होत नाही. ‘बनगरवाडी’ प्रादेशिक साहित्यात जाते आणि ‘तराळ अंतराळ’ (१९८१) दलित साहित्यात. जणू ही दोन पुस्तके दोन वेगळ्या भूगोलांतून आलेली आहेत.

खरातांचे वडील गावचे तराळ होते. सरकारी टपाल पोहोचवण्यापासून बेवारस प्रेताची राखण करण्यापर्यंत गावाची असंख्य कामे तराळकीच्या वाट्याला येत. ‘तराळ अंतराळ’मधील विहिरीचा प्रसंग या दृष्टीने मननीय आहे. विहिरीत प्रेत तरंगत असते व ते बाहेर काढण्याची सक्ती तराळावर होते. त्याचा लहान मुलगा हे सारे पाहत असतो. अर्जुन डांगळे यांनी १९९२ मध्ये संपादित केलेल्या दलित आत्मकथनांच्या इंग्रजी संग्रहाला ‘अ कॉर्प्स इन द वेल’ हे शीर्षक याच प्रसंगावरून लाभले आहे.

हा प्रसंग जातीय अन्यायाचे उदाहरण म्हणून वाचला जातो, ते आवश्यकच आहे. मात्र तो माणदेशाच्या पाण्याचाही प्रसंग आहे. ज्या मुलखात विहीर ही सर्वांत मोलाची गोष्ट, त्या मुलखात एका समाजाला विहिरीचे पाणी शेंदण्याचा अधिकार नव्हता. पण तिच्यातील प्रेत काढण्याचे कर्तव्य मात्र त्याच समाजावर होते. पाणी निषिद्ध आणि पाण्यातील अमंगळ बंधनकारक, अशी ही व्यवस्था होती. पाऊस कमी पडला म्हणून ती निर्माण झाली नव्हती आणि चांगला पाऊस पडला असता तरी ती मोडणार नव्हती. मुंबई राज्याने १९५८ मध्ये कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा केला तेव्हा तिचा कायदेशीर पाया गेला. ‘बनगरवाडी’ वाचून जो दुष्काळ सर्वांवर सारखाच कोसळतो असे वाटते, तो ‘तराळ अंतराळ’ वाचल्यानंतर तसा राहत नाही. टंचाईलाही उतरंड असते, हे या दोन पुस्तकांच्या एकत्रित वाचनातून स्पष्ट होते.

सोन्थायमर आणि ढेरे : वाटांची संस्कृती

माणदेशाच्या संस्कृतीचा तिसरा पैलू संशोधनपर ग्रंथांत आढळतो. जर्मन भारतविद्यातज्ज्ञ गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरील आपला ग्रंथ १९७६ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. अॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये आला. धनगरांच्या ओव्या, त्यांची देवस्थाने आणि त्यांच्या वाटा यांचा प्रत्यक्ष फिरून केलेला हा अभ्यास आहे. दख्खनचा कोरडा पट्टा म्हणजे शेतीच्या दृष्टीने नापीक, म्हणून उपेक्षित, हा दृष्टिकोन सोन्थायमर यांनी बदलला. त्यांच्या मांडणीत हा पट्टा पशुपालकांचे हक्काचे क्षेत्र आहे. जास्त पावसात मेंढरे रोगट होतात, त्यामुळे कमी पावसाचा माळ हाच त्यांना मानवतो. पावसाळा या माळावर काढायचा आणि नंतर कळप घेऊन पश्चिमेकडील नदीखोऱ्यांत उतरायचे, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवून खताच्या मोबदल्यात धान्य घ्यायचे, असे हे चक्र असते. कवठे महांकाळ तालुक्यातील आरेवाडीचा बिरोबा याच चक्रात अर्थपूर्ण ठरतो.

या ग्रंथाच्या प्रकाशात ‘बनगरवाडी’चा शेवट पुन्हा वाचण्यासारखा आहे. वाडी रिकामी होणे हा वाचकाला सर्वनाश वाटतो, कारण वाचक स्थिर गावाच्या कल्पनेतून तिच्याकडे पाहतो. शिक्षकही तसाच पाहतो. शाळा आणि तालीम या स्थिर गावाच्याच संस्था आहेत. धनगराला मात्र वाट नवी नाही. त्याच्यासाठी भयंकर गोष्ट घर सोडणे ही नसून कळप गमावणे ही आहे. ऋतुचक्रातील स्थलांतर आणि दुष्काळातील परागंदा होणे यांतील हा फरक ध्यानात घेतला, तर कादंबरीची शोकात्मिका अधिक नेमकी होते, उणावत नाही.

रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) मध्ये पंढरपूरच्या देवतेचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले. या ग्रंथाला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरील त्यांच्या ग्रंथात या क्षेत्राचे कर्नाटकाशी असलेले जुने संबंध तपासले आहेत. माण नदी ज्या भीमेला मिळते, तिच्याच काठी पंढरपूर वसले आहे, हे लक्षात घेता माणदेश हा महाराष्ट्राच्या संस्कृतीचा एक उगमप्रदेश ठरतो. चैत्रात सासवडहून निघालेली भुतोजी तेल्याची कावड मुंगी घाटाच्या कड्याने शिखरावर चढते व देवाला पाण्याची धार घातली जाते. कोरड्या डोंगरावर खांद्याने पाणी नेण्याचा हा विधी श्रद्धेबरोबरच पाण्याच्या मोलाची स्मृतीही जपतो.

थरच्या ग्रंथाशी तुलना

मरुभूमीवरील लेखन वेगळ्या दिशेने कसे जाऊ शकते, हे अनुपम मिश्र यांच्या ‘राजस्थान की रजत बूंदें’ (१९९५) या हिंदी ग्रंथावरून दिसते. जैसलमेर-बाडमेरच्या वाळूत लोकांनी कुंई, टांके, तलाव कसे उभे केले, वाळूखालचा ओलावा कसा ओळखला, त्यासाठी भाषेत किती शब्द घडवले, याचा हा आलेख आहे. त्यात वाळवंट हे उणिवेचे नाव नसून एका ज्ञानपरंपरेचे नाव आहे. या परंपरेतील विषमतेकडे मिश्र पुरेशा कठोरपणे पाहत नाहीत, ही त्यांची मर्यादा होय. खरात ज्या विहिरीविषयी सांगतात, ती विहीर मिश्रांच्या ग्रंथात फारशी भेटत नाही. मात्र माणदेशाला अद्याप असा लोकज्ञानाचा ग्रंथ लाभलेला नाही, असे म्हणावे लागते. १९९० च्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली आटपाडीत भरू लागलेल्या पाणी परिषदांनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी केली. पुढे टेंभू उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी आटपाडी तालुक्यात पोहोचले. ज्या माळावर पावसाची वाट पाहणे एवढेच हाती होते, तेथील माणसांनी पाणी हा हक्क म्हणून मागितला. हे स्थित्यंतर मराठी ललित साहित्यात अद्याप पुरेसे उतरलेले नाही.

भंडाऱ्यातून वाचताना

माणदेशाच्या या लेखकाचा भंडाऱ्याशीही संबंध आहे. माडगूळकर नागझिऱ्याच्या अरण्यात मुक्कामाला आले आणि त्यातून ‘नागझिरा’ हे पुस्तक झाले. १९९९ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत ही भूमी भंडारा जिल्ह्यातच होती. कोरड्या माळावर माणसे पाहणाऱ्या या लेखकाने हिरव्या मुलखात मुख्यतः अरण्य व प्राणी पाहिले. मारुती चितमपल्ली यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’मध्येही तलावाभोवतीचे पक्षी व वनजीवन यांना अग्रस्थान आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने तलाव बांधले, मालगुजारांनी ते सांभाळले आणि मालगुजारी संपल्यावर ते शासनाकडे गेले. ही कहाणी या दोन्ही पुस्तकांचा मुख्य विषय नाही. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाच्या पायाभरणीपासून (१९८८) विस्थापित झालेल्या गावांचा अनुभवही अशाच ग्रंथाची वाट पाहतो आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास करून भाषेच्या अंगाने पाया घातला आहे. त्यावर पाण्याच्या इतिहासाची इमारत उभी राहणे बाकी आहे.

म्हणजेच टंचाईच्या प्रदेशात पाणी दैव म्हणून आणि विपुलतेच्या प्रदेशात ते निसर्गशोभा म्हणून साहित्यात येते. दोन्ही ठिकाणी पाणी अडवणारे, वाटणारे व पाण्यापासून वंचित राहिलेले हात अदृश्य होतात.

निष्कर्ष

१. माडगूळकरांच्या लेखनाने माणदेशी माणसाला मराठी साहित्यात अढळ स्थान दिले. परंतु त्या लेखनालाच प्रदेशाचा संपूर्ण इतिहास मानणे योग्य नाही.

२. ‘बनगरवाडी’ आणि ‘तराळ अंतराळ’ ही एकाच भूमीची पुस्तके आहेत. ती एकत्र वाचल्याशिवाय दुष्काळाची सामाजिक बाजू उलगडत नाही.

३. सोन्थायमर व ढेरे यांचे संशोधन कोरड्या प्रदेशाकडे अभाव म्हणून न पाहता एक स्वतंत्र जीवनपद्धती म्हणून पाहण्यास शिकवते.

४. पदव्युत्तर स्तरावर प्रादेशिक, दलित आणि लोकसाहित्य अशा प्रश्नपत्रिका वेगळ्या असल्या, तरी किमान एक घटक ‘एक प्रदेश, अनेक ग्रंथ’ या तत्त्वावर शिकवणे शक्य आहे. आटपाडीपासून त्याचा आरंभ करता येईल. भंडारा जिल्ह्यातील विद्यार्थ्याने त्याच पद्धतीने आपल्या गावच्या मामा तलावाकडे पाहिले आणि तो कोणी बांधला, पाट कोणाच्या शेतातून गेला व कोणाच्या शेताला चुकवून गेला एवढे विचारले, तरी माणदेशाच्या ग्रंथांचे अध्यापन सार्थकी लागले असे म्हणता येईल.