ध्रुव : शब्द एक, शास्त्रं तीन

मंडळी, आज एकाच शब्दाची तपासणी करू या. शब्द आहे 'ध्रुव'. आपण सर्रास ऐकतो, 'त्या दोन गटांचे विचार म्हणजे दोन ध्रुव, ते एकत्र यायचे नाहीत.' वाक्य शास्त्रीय वाटतं, म्हणून चटकन पटतं. माझा आक्षेप एवढाच, की हा ध्रुव कोणत्या शास्त्रातला, हे कुणी विचारत नाही.

आधी भूगोल. पृथ्वीचा अक्ष पृष्ठभागाला जिथे छेदतो, ते दोन बिंदू म्हणजे ध्रुव. ग्रीक 'पोलॉस' या शब्दात फिरण्याचा भाव आहे. आपला 'ध्रुव' म्हणजे अढळ. बिंदू तोच. त्यांनी भोवतालचं फिरणं पाहिलं, आपण मधलं स्थैर्य पाहिलं. आणि ध्रुवताऱ्याचं म्हणाल, तर अक्षाची दिशा सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पूर्ण करते, त्यामुळे ते पदही कायम एकाच ताऱ्याकडे राहत नाही.

आता चुंबक. जेम्स क्लार्क रॉस यांनी १८३१ साली कॅनडाच्या उत्तरेकडील बूथिया द्वीपकल्पावर पृथ्वीचा उत्तर चुंबकीय ध्रुव गाठला. तो तिथे थांबला नाही. आता तो आर्क्टिक महासागरात सायबेरियाच्या दिशेनं सरकला आहे. शिवाय होकायंत्राच्या सुईचं उत्तर टोक त्याच्याकडे ओढलं जातं, म्हणजे चुंबकाच्या नियमानं तो दक्षिण ध्रुव ठरतो! नाव भूगोलाचं, गुण मात्र उलटा. आणि चुंबकाची पट्टी मधोमध तोडा, प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन्ही ध्रुव असतातच.

तिसरं गणित. 'एक भागिले क्ष' हे फल घ्या. क्ष शून्याजवळ नेला की त्याची किंमत, चिन्ह सोडून पाहिली तर, अमर्याद वाढते. फलांच्या अभ्यासात अशा शून्याला या फलाचा ध्रुव म्हणतात. हा एकटाच आहे. त्याच्यासमोर दुसरा, विरुद्ध ध्रुव लागतच नाही.

आता मूळ वाक्याकडे या. भूगोल म्हणतो, दोन ध्रुव ही एकाच अक्षाची दोन टोकं आहेत. चुंबक म्हणतो, विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात आणि वेगळे काढताच येत नाहीत. गणित म्हणतं, जोडी हवीच असं नाही. मग 'एकत्र यायचे नाहीत' हे आलं कुठून? तिन्हींपैकी एकाही शास्त्रातून नाही.

न्यायदर्शनात याला वाक्छल म्हणतात. वात्स्यायनाच्या भाष्यातलं उदाहरण प्रसिद्ध आहे: कुणी 'नवकंबल' म्हणतो ते नव्या कांबळ्याच्या अर्थानं, आणि प्रतिवादी विचारतो, नऊ कांबळी कुठे आहेत? तिथे छल प्रतिवादी करतो. इथे आपण स्वतःलाच फसवतो.

कुणी म्हणेल, सर, ही नुसती उपमा आहे. असू द्या की! उपमेला माझी हरकत नाही. पण उपमा म्हणजे हेतू नव्हे. तिच्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. 'समाजाचं ध्रुवीकरण झालं' हे निरीक्षण असू शकतं, ते तपासता येतं. 'ते ध्रुवच आहेत, आता बोलून उपयोग नाही' हा मात्र निकाल आहे, आणि तो पुराव्याशिवाय दिलेला असतो. माणसं बोलायची थांबतात ती अशा निकालांमुळे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी दोन ध्रुव म्हणालं, तर शांतपणे विचारा: कुठले?