शौर्यकथा आणि साक्ष

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर झालेल्या हल्ल्यावर चित्रपट निघाले, पुस्तके झाली. परंतु या साऱ्यांहून मला मोलाच्या वाटतात, त्या त्या रात्री कामावर असलेल्या माणसांनी सांगितलेल्या आठवणी.

विष्णू झेंडे हे छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाड्यांची घोषणा करीत. गोळीबार सुरू असताना ते आपल्या जागेवरून हलले नाहीत. मागच्या बाजूने बाहेर पडा, असे प्रवाशांना पुनःपुन्हा सांगत राहिले. कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे यांनी दारे लावून वीस गरोदर स्त्रियांना एका लहानशा खोलीत हलविले. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा भिंतीच्या आधाराने तिला प्रसूतिगृहात नेले. पुढे कसाबविरुद्ध साक्ष द्यायला त्या गणवेशातच गेल्या.

या निवेदनांत विशेषणे जवळजवळ नाहीत. आहेत ती क्रियापदे : सांगितले, लावली, हलविले, नेले. आणि म्हणूनच ती खरी वाटतात.

आता अँथनी मारास यांचा २०१८ चा ‘हॉटेल मुंबई’ हा चित्रपट पाहा. त्यातील वाढपी काल्पनिक आहे. कामावर येताना त्याचा एक बूट हरवतो आणि दुसऱ्याच्या तोकड्या बुटांत पाय कोंबून तो उभा राहतो. हा तपशील अस्सल आहे. नोकरी टिकविण्याची धडपड त्यात एका दृष्टिक्षेपात कळते. परंतु पुढे बंदुकीचा आवाज वाढतो, तो बूट मागे पडतो, आणि ‘आता कोण मरेल?’ एवढीच उत्कंठा उरते.

कल्पनेला स्वातंत्र्य हवे, हे मला मान्य आहे. मीही कादंबऱ्या लिहितो. तो प्रसंग माझ्या हाती आला असता, तर मीही पानभर गोळ्याच झाडल्या असत्या! माझा आक्षेप म्हणूनच स्वतःवरही आहे. एखाद्याला ‘वीर’ म्हटले, की त्याचे काम पाहण्यातून आपण मोकळे होतो.

त्या रात्री स्टेशनात बळी पडलेल्यांत लांबच्या गाडीची वाट पाहत बसलेले प्रवासी होते. आमच्या नारायणगडची माणसेही परगावी निघाली, की अशीच गाठोडी उशाशी घेऊन बसतात. त्यांना वेळेवर हाक घालणारा माणूस जागेवर असावा, याहून मोठी शौर्यकथा मला तरी ठाऊक नाही.