वेशभूषेचे वाचन : शेरलॉकचा कोट आणि बेंगळुरूचा शिंपी

पडद्यावरच्या पात्राचा पोशाख हुबेहूब शिवून घेणे ही सहसा चाहत्यांची हौस मानली जाते. या टिपणात आपण तिच्याकडे समीक्षेचा एक प्रकार म्हणून पाहणार आहोत. प्रतिकृती शिवताना पोशाखातले अर्थपूर्ण काय आणि नुसते नजरेत भरणारे काय, हे पावलोपावली ठरवावे लागते. निबंधात एखादा मुद्दा गोलमाल शब्दांत झाकता येतो. कापडात तो झाकता येत नाही.

उदाहरण बीबीसीच्या ‘शेरलॉक’ (२०१०–२०१७) या मालिकेचे घेऊ. बेनेडिक्ट कंबरबॅचने घातलेला तो लांब लोकरी कोट तुम्ही पाहिला असेल. दोन रांगांत बटणे, पाठीवर अर्धा पट्टा, त्याखाली खोल प्लीट, उभी केलेली कॉलर आणि लेपलवर लाल धाग्याचे काज. भारतात २०११ मध्ये दिल्लीत सुरू झालेले ‘कॉमिक कॉन’ पुढे बेंगळुरूतही भरू लागले, आणि अशा ठिकाणी पात्रांचे पोशाख करून येणाऱ्यांची गर्दी असते. समजा, तुम्हाला तिथे हा कोट घालून जायचे आहे.

पहिली गोष्ट अशी की हा कोट पात्रासाठी शिवलेला नाही. पहिल्या मालिकेचे वेशभूषाकार रे होल्मन यांनी बेलस्टाफ या ब्रिटिश कंपनीचा ‘मिलफर्ड’ नावाचा तयार कोट निवडला. निवड हीसुद्धा लेखनासारखीच कृती आहे. होम्सची जुनी ओळख सिडनी पॅजेट यांच्या १८९१ पासूनच्या रेखाचित्रांतून घडली : कानपट्ट्यांची टोपी आणि प्रवासी झगा. आजच्या लंडनमध्ये ते घालून फिरणारा माणूस विदूषक वाटला असता. होल्मन यांनी झगा टाकला आणि त्याचा घेर ठेवला, असे मला वाटते. पात्र वळते तेव्हा कोटाचा खालचा भाग क्षणभर मागे राहतो आणि मग येतो. पाहणाऱ्याच्या मनावर ठसते ते हे मागे राहणे.

आता कापडाकडे वळू. आपल्याकडे सूटसाठी सर्रास मिळणारे टेरीवुल मीटरला साधारण २५० ते ३०० ग्रॅम भरते. ओव्हरकोटचे लोकरी कापड ६०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जड असते. अशा कोटाला दीडशे सेंटीमीटर पन्ह्याचे सुमारे साडेतीन मीटर कापड लागते. म्हणजे खऱ्या कोटात नुसते कापडच दोन किलोंहून जास्त, तर टेरीवुलच्या कोटात एक किलोच्या आत-बाहेर. रंग जुळेल, बटणे जुळतील, पण हलका घेर वळताना अंगाला चिकटेल किंवा फडफडेल. फोटोत दोन्ही कोट सारखेच दिसतील. चालताना फरक कळेल. फोटोसाठी शिवायचे की चालण्यासाठी, हा इथला खरा समीक्षेचा प्रश्न आहे. माझे मत चालण्याच्या बाजूने आहे. चिकपेटेत तसे कापड नाही मिळाले तर जाड लोकरी ब्लँकेट कापून शिवलेला कोट मला महागड्या टेरीवुलपेक्षा अधिक प्रामाणिक वाटेल. (बेंगळुरूच्या हवेत तो घालून दिवसभर उभे राहणे ही वेगळी शिक्षा!)

कॉलरचा मुद्दा याहून बारीक आहे. कॉलरला वरचा पदर असतो तसा खालचाही. खालचा पदर सहसा उरेब कापतात, त्याच्या आत कॅनव्हास घालून बारीक तिरके टाके घालतात आणि वाफेच्या इस्त्रीने त्याला वळण देतात. लोकरीला उष्णता आणि ओल मिळाली की ती आकार घेते आणि थंड झाल्यावर धरून ठेवते. पॉलिस्टर असे ऐकत नाही. हा खालचा पदर एरवी कोणाला दिसत नाही. पण शेरलॉक कॉलर उभी करतो, आणि त्याबरोबर कोटाची उलटी बाजू सुलट होते. फोटोवरून शिवणारा वरच्या पदरावर मेहनत घेतो आणि नेमका दिसणारा भाग कच्चा राहतो. स्वस्तातले चिकट फ्यूजिंग लावले तर कॉलर उभी राहते, पण पुठ्ठ्यासारखी. मालिकेत वॉटसन या उभ्या कॉलरची थट्टा करतो, म्हणजे लेखकांनाही तिचे नाटकीपण ठाऊक आहे. पुठ्ठ्याच्या कॉलरमध्ये फक्त नाटकीपण उरते, माणूस दिसत नाही.

लाल काजाबद्दल थोडक्यात : ते करायला अर्धा तास पुरतो आणि ओळख पटवायला तेवढे पुरते. म्हणूनच त्याला फार भाव देऊ नये.

इथे आपल्या भाषेतल्या वाचकाला भानू अथैया आठवतील. कोल्हापूरच्या या वेशभूषाकार ‘गांधी’ (१९८२) चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्करच्या मानकरी ठरल्या. त्या चित्रपटात नायक शिवलेल्या सुटाकडून न शिवलेल्या कापडाकडे जातो. धोतराला आकार अंगाने येतो, तर कोट खुंटीवर टांगला तरी त्याला खांदे असतात. म्हणून कोटाची प्रतिकृती कठीण : दुसऱ्याचे खांदे तुम्हाला आपल्या अंगावर बसवून घ्यायचे असतात.

ते बसवणारा बहुधा गल्लीतला शिंपी असतो. त्याने मालिका पाहिलेली नसते. तुमच्या मोबाइलवरचे चार फोटो हीच त्याची संहिता. तो विचारतो, “आत काय घालायचं? अस्तर कसलं? घेर किती सोडू?” चाहत्याला सहसा न पडलेले हे प्रश्न आहेत. बेंगळुरूत या प्रश्नांना जुनी परंपरा आहे. इथे १८८४ मध्ये बंगलोर वूलन, कॉटन अँड सिल्क मिल्स ही गिरणी उभी राहिली. १९२३ मध्ये सुरू झालेले पी. एन. राव यांचे दुकान आधी ब्रिटिश स्त्रियांचे कपडे शिवत असे, पुढे ते पुरुषांच्या सुटांसाठी नावाजले. कर्नाटकात घरी मराठी बोलणारी नामदेव शिंपी आणि भावसार क्षत्रिय कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि शिवणकाम हा त्यांच्यातल्या अनेकांचा पारंपरिक व्यवसाय आहे.

मग श्रेय कोणाचे? मूळ कोट बेतणाऱ्याचे नाव प्रेक्षकाला ठाऊक नाही. प्रतिकृतीची वाहवाही घालणाऱ्याला मिळते. कापडाचे वजन, घेर आणि कॉलरचे वळण हे निर्णय शिंप्याने घेतले असतील, तर त्या प्रतिकृतीचा निदान अर्धा समीक्षक तोच आहे. तुम्ही असा कोट घालून मंचावर गेलात, तर त्याच्या परवानगीने त्याचे नाव सांगा आणि शिलाईचे पैसे ठरवताना घासाघीस करू नका.

स्वाध्याय : ‘द रायकेनबाख फॉल’ (२०१२) या भागातला गच्चीवरचा प्रसंग आवाज बंद करून दोनदा पाहा. पहिल्यांदा केवळ कोटाच्या खालच्या कडेकडे, दुसऱ्यांदा केवळ कॉलरकडे. मग जवळच्या शिंप्याला तोच प्रसंग दाखवा आणि त्याने विचारलेले पहिले तीन प्रश्न लिहून आणा.