‘रूल ऑफ रोझ’ : एका भयप्रधान व्हिडिओ गेमचा स्वीकार आणि समीक्षेची जबाबदारी

प्रास्ताविक

एखाद्या कृतीवर बंदी मागणाऱ्याने ती कृती वाचलेली असतेच असे नाही, हे साहित्याच्या अभ्यासकांना नव्याने सांगायला नको. व्हिडिओ गेमच्या बाबतीत ही अडचण अधिक बिकट होते. कादंबरी चाळता येते, चित्रपट दोन-अडीच तासांत पाहून होतो. गेम मात्र स्वतः खेळावा लागतो. त्यासाठी यंत्र लागते, हाताला सवय लागते आणि कित्येक तास खर्ची घालावे लागतात. साहजिकच गेमविषयी मत देणाऱ्यांत तो न खेळलेल्यांचा भरणा मोठा असतो.

प्रस्तुत लेखात २००६ साली प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी प्रसिद्ध झालेल्या ‘रूल ऑफ रोझ’ या जपानी गेमच्या स्वीकाराचा विचार केला आहे. युरोपात त्यावर क्रौर्याचे आणि विकृतीचे आरोप झाले. व्यावसायिक परीक्षकांनी, काही गुण मान्य करूनही, त्याला मध्यम प्रतीचा ठरवले. या दोन्ही प्रतिक्रिया परस्परांपासून दूर वाटल्या तरी त्यांचा दोष एकच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हा गेम खेळणाऱ्याला कोणाच्या जागी उभे करतो, या प्रश्नाकडे दोन्हीकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

संहितेचे स्वरूप

‘रूल ऑफ रोझ’ची निर्मिती पंचलाइन या छोट्या जपानी संस्थेची. जपानमध्ये जानेवारी २००६ मध्ये सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंटने तो प्रकाशित केला. कथानक १९३० सालच्या इंग्लंडमधील. जेनिफर ही एकोणीस वर्षांची तरुणी एका मुलाच्या मागोमाग जुन्या अनाथाश्रमात शिरते. तेथील मुले तिला शवपेटीत कोंडतात आणि शुद्धीवर येते तेव्हा ती एका वायुनौकेत असते. या वायुनौकेवर मुलांचे राज्य आहे. ‘रेड क्रेयॉन अ‍ॅरिस्टोक्रॅट्स’ नावाची त्यांची उमराव-मंडळी आहेत, त्यांच्यात वरच्या-खालच्या पायऱ्या आहेत आणि दर महिन्याला मंडळाला नजराणा अर्पण करण्याचा नियम आहे. जेनिफरचे स्थान सर्वांत खालचे. (१९३० च्या ऑक्टोबरात आर-१०१ ही ब्रिटिश वायुनौका फ्रान्समध्ये कोसळून ४८ माणसे दगावली होती. गेममधील वायुनौकेची प्रतिमा ही घटना ध्यानात ठेवून पाहिली तर अधिक गडद होते.)

प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी मुलाच्या हाताने रंगवलेले वाटावे असे एक गोष्टीचे पुस्तक उघडते. परीकथेची भाषा, परीकथेचे साचे, आणि त्यांच्या आड एक घडून गेलेले वास्तव. हे वास्तव हळूहळू उलगडते. वायुनौकेच्या अपघातात जेनिफर पोरकी झाली. मुलगा गमावलेल्या ग्रेगरी नावाच्या माणसाने तिला आपल्या मुलाचे नाव देऊन तळघरात ठेवून घेतले. वेंडी या अनाथाश्रमातील मुलीने तिला सोडवले आणि दोघींनी अतूट प्रेमाच्या आणाभाका घेतल्या. पुढे जेनिफरला ब्राउन नावाचे कुत्र्याचे पिल्लू सापडले. तिचा जीव त्यात गुंतला, वेंडीचा मत्सर जागा झाला आणि ब्राउन मारला गेला. त्यानंतर जेनिफरने वेंडीला झिडकारले. वेंडीने सूडासाठी ग्रेगरीला आश्रमात आणले आणि त्याच्या हातून मुलांची हत्या झाली. वाचली ती एकटी जेनिफर. थोडक्यात, संपूर्ण गेम म्हणजे वाचलेल्या एकीने विसरू पाहिलेल्या बालपणात केलेला प्रवेश आहे.

भरताच्या परिभाषेत बोलायचे तर बाजारात हा गेम भयानक रसाचा म्हणून आला. त्याचा स्थायी भाव मात्र भय नसून शोक आहे. शिवाय या शोकाला अपराधभावाची जोड आहे आणि स्थायी भावांच्या आपल्या परंपरागत यादीत अपराधभावाला स्वतंत्र जागा नाही. भट्टनायकाच्या साधारणीकरणाची कल्पनाही येथे ताणली जाते, कारण येथे प्रेक्षक नुसता प्रेक्षक राहत नाही. नजराणा शोधायला जेनिफरला नेणारा, मान खाली घालून तो अर्पण करायला लावणारा हात खेळणाऱ्याचा असतो. छळ करणाऱ्यांच्या नियमांचे पालन केल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही. शाळा-वसतिगृहांतील मुलांच्या टोळ्या ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत अशा अध्यापकांना ही रचना ओळखीची वाटेल.

आरोप

नोव्हेंबर २००६ मध्ये युरोपीय प्रकाशनाच्या तोंडावर ‘पानोरामा’ या इटालियन साप्ताहिकाने या गेमवर मुखपृष्ठ-लेख छापला. मुलीला पुरणारा जिंकतो, असा त्याचा सूर होता. रोमचे तत्कालीन महापौर वाल्तेर वेल्त्रोनी यांनी बंदीची मागणी केली. युरोपीय आयोगाचे न्यायविषयक आयुक्त फ्रांको फ्रात्तिनी यांनी सदस्य देशांच्या गृहमंत्र्यांना पत्र लिहून या गेमचा निषेध केला. त्यावर माध्यमविषयक आयुक्त व्हिव्हियन रेडिंग यांनी आपल्याच सहकाऱ्याविषयी नाराजी कळवली. वयोगट ठरवणारी ‘पेगी’ ही यंत्रणा २००३ पासून अस्तित्वात असताना आपल्या विभागाशी विचारविनिमय न करता हे पाऊल उचलले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. गेमला सोळा वर्षांवरील वयोगटाचा शिक्का देणाऱ्या ब्रिटनमधील व्हिडिओ स्टँडर्ड्स कौन्सिलने आरोप साफ फेटाळले. सांगितल्या जात असलेल्या गोष्टी गेममध्ये नाहीतच, अशी तिची भूमिका होती. तरीही ५०५ गेम्स या प्रकाशकाने ब्रिटनमधील प्रकाशन रद्द केले.

येथे थोडे थांबले पाहिजे. शवपेटीचा प्रसंग गेममध्ये आहे. तो आरंभीच येतो आणि त्यात कोंडली जाते ती खेळणाऱ्याची नायिका. पुरणारा जिंकत नाही; पुरली गेलेली व्यक्ती म्हणून खेळाला सुरुवात होते. आरोपकर्त्यांनी कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल केली. व्याकरणाची चूक म्हणून ही सोडून देता येत नाही, कारण पीडिताच्या बाजूने रचलेली कृती पीडकाच्या नावावर जमा झाली.

या गदारोळाने आणखी एक नुकसान केले आणि ते मला अधिक गंभीर वाटते. गेममध्ये लहान मुलींमधील सत्ता, आसक्ती आणि अपमान यांचे जे चित्रण आहे, त्यातील काही दृश्यांची हाताळणी खरोखर शंकास्पद आहे. मुलांवरील अत्याचार सूचित करणे आणि त्या सूचनेला देखणे करणे यांतील सीमा दिग्दर्शकाने सर्वत्र पाळली आहे, असे मी म्हणणार नाही. विशेषतः प्रास्ताविक चित्रफितीत मांडणीचा मोह आशयावर मात करतो. या प्रश्नाची नीट चर्चा व्हायला हवी होती. पण नसलेल्या गोष्टींवर आरोप झाल्यावर बाजू घेणाऱ्यांचे सारे बळ त्या खोडून काढण्यात गेले, आणि असलेल्या गोष्टींवर बोलणारा आपोआप बंदीवाल्यांच्या गोटात गणला जाऊ लागला.

परीक्षकांचे माप

अमेरिकेत सोनीच्या स्थानिक शाखेने प्रकाशन नाकारले; सप्टेंबर २००६ मध्ये अ‍ॅटलस या कंपनीने ते केले. तेथील परीक्षणांचा सूर साधारण सारखा होता. वातावरण, संगीत, कथा चांगली; झुंजीची यंत्रणा सदोष, गती मंद, त्याच त्या दालनांतून येरझारा फार. आख्यानासाठी एक गुण, यंत्रणेसाठी दुसरा, मग सरासरी. ग्राहकाला वस्तू निवडायला हे माप उपयोगी पडते, पण कृतीचा अर्थ त्या सरासरीत सापडत नाही. जेनिफर काटाचमच्यातील काटा, सुरी, नळीचा तुकडा अशी हाताला लागेल ती वस्तू घेऊन अडखळत मारते. ही दुबळी हालचाल दोष आहे की चित्रण, हा प्रश्न गुणांच्या रकान्यात बसत नाही.

पुढील काळात या गेमला चाहत्यांचा एक निष्ठावंत वर्ग मिळाला, मूळ तबकड्या दुर्मीळ झाल्या आणि जुन्या बाजारात त्यांचे भाव चढले. या वर्गातून झुंजीच्या सदोषतेचे समर्थन केले जाते : नायिका असहाय आहे, म्हणून खेळही असहाय करतो. हे समर्थन मला अर्धेच पटते. नायिकेचे दुबळेपण हा आशय आहे. पण खेळणाऱ्याने दिलेल्या आज्ञेला यंत्राने वेळेवर प्रतिसाद न देणे ही कारागिरीतील उणीव आहे. दोहोंची सरमिसळ केली तर कोणताही दोष आशयाच्या नावाखाली खपवता येईल. ब्राउनला एखाद्या वस्तूचा वास देऊन तिच्याशी निगडित दुसरी वस्तू शोधण्याची यंत्रणा मात्र खरोखर अर्थपूर्ण आहे, आणि तिच्याविषयी परीक्षणांत संथपणाच्या तक्रारीपलीकडे फारसे आढळत नाही. कुत्र्यावर विसंबण्याची ही सवय तासन्‌तास लागत गेल्यामुळेच त्याचा मृत्यू खेळणाऱ्याला लागतो.

परीकथा आणि क्रौर्य यांचा संबंध पुढे एका वेगळ्याच व्यासपीठावर चर्चिला गेला. जून २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंसक गेम अल्पवयीनांना विकण्यावर निर्बंध घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द केला, तेव्हा न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी बहुमताच्या निकालपत्रात ग्रिम बंधूंच्या कथांतील क्रौर्याचा दाखला दिला : भट्टीत ढकलली जाणारी चेटकीण, पारव्यांनी डोळे टोचलेल्या सावत्र बहिणी. निकालाचा रोख अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर होता, त्यामुळे तो समीक्षेचे काम करीत नाही, आणि त्याने ते करावे अशी अपेक्षाही गैर आहे. परवानगी मिळाल्याने कृती चांगली ठरत नाही, जशी बंदीने ती वाईट ठरत नाही.

गेमचे अखेरचे प्रकरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. तेथे शत्रू नाहीत, शस्त्र नाही, नजराणाही नाही. बालरूपातील जेनिफर रिकाम्या आश्रमातून हिंडते, पिल्लाच्या गळ्यात पट्टा बांधते, त्याला एका लहानशा खोलीत ठेवते आणि दार लावून घेते. झुंजीच्या यंत्रणेला गुण देणाऱ्या तक्त्यात या प्रकरणासाठी रकाना नव्हता आणि मुलीला पुरण्याचा आरोप करणाऱ्या लेखातही त्याला स्थान नव्हते.