जीवनसत्त्वपूरके आणि 'संप्रेरक-संतुलन' : एका लोकप्रिय संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना :
दीर्घ औषधोपचारानंतर थकवा, केसगळती, मासिक पाळीतील अनियमितता, हातापायांना मुंग्या येणे अशा तक्रारी घेऊन रुग्ण घरी परततो. याच काळात त्याच्या वाचनात 'हार्मोन बॅलन्स' हा शब्दप्रयोग येतो आणि त्यावरील उपाय म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या सुचविल्या जातात. लोकप्रिय आरोग्यलेखनातील व जाहिरातींतील या मांडणीची तर्कशुद्धता तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पनेचे स्वरूप :
'संतुलन' हा शब्द आपल्याकडे नवा नाही. त्रिदोषांच्या साम्यावस्थेची कल्पना मराठी मनात शतकानुशतके रुजलेली असल्याने 'संप्रेरकांचे संतुलन' हे शब्द ऐकताच ओळखीचे वाटतात. परंतु संप्रेरके तराजूच्या दोन पारड्यांसारखी नसतात. 'हॉर्मोन' ही संज्ञा १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी रूढ केली. त्यानंतरच्या संशोधनातून प्रत्येक संप्रेरकाची स्वतंत्र नियंत्रण-साखळी स्पष्ट होत गेली. त्यामुळे कोणते संप्रेरक, किती कमी वा अधिक आणि कशामुळे, हे न सांगता केलेले 'संतुलना'चे विधान तपासताही येत नाही व खोडताही येत नाही. हाच त्याचा मुख्य दोष होय.

पूरकांचे वास्तव कार्य :
याचा अर्थ पूरके निरुपयोगी आहेत असा नव्हे. क्षयरोगावर १९५२ पासून वापरात आलेले आयसोनियाझिड हे औषध बी-६ जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणते. त्यातून उद्भवणारी चेतातंतूंची इजा टाळण्यासाठी पायरिडॉक्सिन दिले जाते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या दीर्घ वापराने बी-१२ ची कमतरता संभवते. ब्रिटनच्या औषध-नियामक संस्थेने २०२२ मध्ये या परिणामाची गणना सामान्यतः आढळणाऱ्या दुष्परिणामांत केली आणि लक्षणे असल्यास रक्तातील बी-१२ तपासण्याचा सल्ला दिला. या दोन्ही उदाहरणांत औषध, त्यामुळे बाधित होणारे जीवनसत्त्व आणि उपाय यांचा कार्यकारणभाव स्पष्ट आहे.

मर्यादा आणि धोके :
स्टेरॉईडच्या बाबतीत मात्र हा न्याय लागू पडत नाही. दमा किंवा संधिवातासाठी प्रेडनिसोलोन दीर्घकाळ घेतल्यास मेंदूतील पीयूषिका ग्रंथीकडून अधिवृक्क ग्रंथींना मिळणारी चेतना मंदावते व त्यांची कॉर्टिसॉलनिर्मिती घटते. ती पूर्ववत होण्यास काही वेळा अनेक महिने लागतात. म्हणूनच औषधाची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. अधिवृक्क ग्रंथींत क जीवनसत्त्वाचे प्रमाण अधिक असते, हे खरे. परंतु त्यावरून ते जीवनसत्त्व घेतल्याने मंदावलेली ग्रंथी जागी होते, असा निष्कर्ष निघत नाही. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व या रुग्णांना दिले जाते, ते हाडांच्या रक्षणासाठी. पूरकांवर विसंबून एखाद्याने स्टेरॉईड एकाएकी बंद केले, तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो.

पूरक स्वतःही निर्धोक असतेच असे नाही. प्रतिदिन २ ते ६ ग्रॅम पायरिडॉक्सिन घेणाऱ्या ७ रुग्णांत चेतातंतूंचा विकार आढळल्याची नोंद १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे अल्प मात्रेत जे जीवनसत्त्व चेतातंतूंचे रक्षण करते, तेच अतिमात्रेत त्यांना इजा करते. बायोटिनचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. प्रौढांची दैनंदिन गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम असताना केसांसाठीच्या काही गोळ्यांत ते हजारो मायक्रोग्रॅम असते. त्यामुळे काही प्रयोगशाळा-चाचण्यांत टीएसएच खोटेच कमी व थायरॉईड संप्रेरक खोटेच अधिक दिसू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनमुळे चाचण्यांचे निष्कर्ष चुकण्याबाबत इशारा दिला. संप्रेरके 'सावरण्या'साठी घेतलेली गोळी अशा रीतीने त्यांचे मोजमापच बिघडवते आणि त्या अहवालावर विसंबून आवश्यक औषधाची मात्रा चुकीने कमी केली जाण्याचा संभव निर्माण होतो.

कायदा आणि भाषा :
आरोग्यपूरकांसंबंधीच्या २०१६ च्या भारतीय विनियमांनुसार वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' या अर्थाची सूचना आवश्यक आहे. 'संतुलन', 'पोषण', 'आधार' हे शब्द मात्र रोगाचे नाव न घेता उपचाराचा आभास निर्माण करतात. कायदा दाव्याला हात घालू शकतो. सूचितार्थाला हात घालणे कठीण जाते. तेथे भाषेच्या व विज्ञानाच्या अध्यापकांनी एकत्रितपणे चिकित्सा करणे अगत्याचे ठरते.

निष्कर्ष :
कोणत्या औषधाने कोणते जीवनसत्त्व बाधित झाले, ते तपासणीत दिसले काय, आणि पूरक किती मात्रेत व किती काळ घ्यावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे देणारे लेखन विश्वासार्ह मानावे. ती न देता केवळ 'संतुलना'चे आश्वासन देणारे लेखन रुग्णाच्या खऱ्या त्रासाला संदिग्ध नाव देते आणि योग्य निदान लांबणीवर टाकते. दुष्परिणाम सोसणाऱ्या रुग्णाची तक्रार खरी असते. म्हणूनच तिला नेमके उत्तर मिळणे हा त्याचा हक्क आहे.